कांडपातला पेट्रोलचा वास

थोरात बाईंनी डबा आपटला नाही, नुसता ठेवला. पण असा ठेवला की रांगेतल्या सगळ्या बायका बोलायच्या थांबल्या.

“आण्णा, ह्याचा वास घ्या जरा,” त्या म्हणाल्या.

थोरात बाई कन्याशाळेत शिकवायच्या आणि दर उन्हाळ्यात वर्षाचा कांदा-लसूण मसाला आमच्याच कांडपात करून न्यायच्या. आण्णा म्हणजे माझे सासरे, निवृत्ती पिसाळ. कराडात त्यांना सगळे आण्णा म्हणायचे, मी मामा म्हणायची. माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मी वजनकाट्यामागं बसून पिशव्यांवर नावं घालत होते.

मामांनी डब्यातून मूठभर मसाला घेतला, डोळे मिटून नाकाशी धरला आणि परत डब्यात सोडला.

“काय झालंय? फर्मास मसाला हाय.”

“काल आमटी केली. आमचे हे पहिला घास घेऊन म्हणाले, स्टोव्ह गळतोय का गं? आमच्या घरात स्टोव्ह नाही, आण्णा.”

मामांनी वळून आत्यांकडं पाहिलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्या यंत्राच्या तोंडाशी उभ्या राहून मसाला आत ढकलायच्या. त्यांनी पुढं होऊन चिमूटभर मसाला हुंगला. मग मामांच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “न्हाई बाई. मला तर काय येत न्हाई.”

मी काट्यामागं चार हात लांब होते आणि मला पेट्रोलचा वास येत होता.

“बरं,” थोरात बाई म्हणाल्या. “तुमच्याशी मी वाद घालणार नाही. दुसरीकडं करून घेईन परत.” त्यांनी डबा उचलला आणि त्या गेल्या. त्यांच्या मागोमाग रांगेतल्या दोन बायकांना घरी काहीतरी विसरल्याचं आठवलं. जाताना दोघीही आपापलं गाठोडं घेऊन गेल्या.

आमच्या कांडपाची रीत अशी होती. बाई घरून मिरची, धने, खोबरं सगळं भाजून आणायची. ते आमच्या मागच्या खोलीत फडक्यावर पसरून गार व्हायचं. मग मामा त्यातली एक मूठ हुंगायचे आणि ‘होऊ द्या’ म्हणायचे. ते म्हणाले नाहीत तर यंत्रात काही पडत नसे. ‘खोबरं करपलंय’ म्हणाले, की बाई निमूटपणे घरी जाऊन दुसरं खोबरं भाजून आणायची, मग ती कलेक्टरची बायको का असेना. वाटेत दुसरी दोन कांडपं ओलांडून लोक आमच्याकडं यायचे ते या मुठीसाठी. उन्हाळ्यातले दोन-अडीच महिने हंगाम, त्यावर घराचं वर्ष निघायचं. मसाल्याला पेट्रोलचा वास मारतो अशी एकदा बोलवा झाली असती, तर मामांच्या मुठीला आणि आमच्या कांडपाला कुणी विचारलं नसतं.

दुपारी जेवताना मी विषय काढला.

“मामा, मोटारसायकलला वास येतोय. बोळातून झरोक्यानं आत येतो आणि गार व्हायला ठेवलेल्या मसाल्याला लागतो.”

मामांची मोटारसायकल घराशेजारच्या बोळात उभी असायची. बोळ आणि मागची खोली यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीला हवेसाठी झरोका.

“माझ्या गाडीला?” मामांचा घास हातात राहिला. “रोज सकाळी मी पुसतो ती. वास असता तर मला आला नसता?”

“आण्णा नाही म्हणतात म्हणजे नाही,” माझा नवरा म्हणाला. सुरेंद्र दूध संघात नोकरीला होता, कांडपाच्या भानगडीत पडत नसे.

“तुम्हाला येत नाही का?” मी विचारलं.

“मधी एकदा आल्यासारखं वाटलं होतं. पण आण्णा नाही म्हणाले.”

त्या घरात वास ही गोष्ट मामांच्या खात्यातली होती. दूध नासलं का, तूप खवट झालंय का, धुणं नीट वाळलंय का, सगळं त्यांच्या नाकाखालून जायचं आणि ते म्हणतील तेच खरं व्हायचं. बाकीच्यांना नाकं होती, पण ती चष्मा अडकवण्यापुरती.

भांडी घासताना आत्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, “उज्ज्वला, दिवस गेल्यात का गं? त्या दिसांत असे नाही नाही ते वास येतात.”

“नाही हो, आत्या.”

“नसंल तर नसंल. पन बघ हं,” असं म्हणून त्यांनी मला त्या दिवशी जास्तीचं दही वाढलं.

मला राग आला होता. माहेरी फलटणला माझ्या वडिलांचं गॅरेज. शाळेतून आल्यावर मी तिथंच अभ्यास करायची. पेट्रोल, ऑइल आणि ग्रीस यांच्यातला फरक मला झोपेतही सांगता आला असता. तेव्हा मी ठरवलं की वास कुठून येतो ते शोधायचं आणि मामांना बोटानं दाखवायचं. नवी सून म्हणून मला एवढी एकच गोष्ट सिद्ध करायची होती.

सुरुवातीचे काही दिवस नुसते हात चोळण्यात गेले. गाडीखाली थेंब नाही, डाग नाही. कॉक कोरडा, नळी धड, कार्बोरेटरखालची नळीही कोरडी. टाकीच्या झाकणाचा रबर जुना होता, पण ठीक होता. गंमत म्हणजे वासही पाहुण्यासारखा वागायचा. मामा सोमवारी टाकी भरून आणायचे, की दोन दिवस तो घरभर. शुक्रवारपर्यंत पार नाहीसा. मलाही वाटायला लागलं की माझंच काहीतरी बिनसलंय.

मग लक्षात आलं, की टाकी भरलेली असतानाच वास येतो. म्हणजे गळती खाली नाही, वर आहे. पेट्रोल त्या उंचीच्या खाली गेलं की गळती आपोआप बंद. आणि थोडं थोडं झिरपत असेल, तर त्या उन्हाळ्यात थेंब खाली पडायच्या आधीच उडून जाणार. सीटच्या पुढं, जिथं टाकीचं शेपूट बोल्टनं बसवलेलं असतं, ती जागा मी पाहिलीच नव्हती.

पुढच्या मंगळवारी मामा कांडपात विकायला ठेवायची मिरची आणायला टेंपोतून मार्केट यार्डात गेले. दुपारी नेहमीप्रमाणे लाइट गेली, यंत्र बंद पडलं, आत्या आडव्या झाल्या. मी गाडीचे पाने घेऊन बोळात गेले. सीट काढली. टाकीचा मागचा भाग ओल्या फडक्यानं पुसून वाळू दिला आणि माझ्या रुखवतातली तोंडाला लावायची पावडर त्यावर भुरभुरली. वडील हेच करायचे. पांढऱ्यावर ओल लपत नाही.

थोड्या वेळानं डाव्या बाजूला, बोल्टच्या पट्टीपाशी, केसाएवढी काळी रेघ उमटली. सापडली. मी दुसरं फडकं घेऊन ती रेघ टिपली, ते नाकाशी धरलं आणि एकटीच हसले.

मग पेट्रोल कळशीत काढून घेतलं आणि चीर नीट बघावी म्हणून टाकी उतरवली. माझं हसू तिथंच थांबलं.

टाकीची पट्टी वाकून परत सरळ केलेली होती, म्हणून तिथला पत्रा चिरला होता. वाकलेल्या जागी काळा रंग नवा होता. मी गाडीभोवती फिरून पाहिलं. डाव्या फूटरेस्टवर हातोड्याच्या खुणा होत्या. क्लचच्या दांडीचं टोक तुटलेलं होतं आणि ते कानशीनं घासून गोल केलं होतं. डावा आरसा नवा, उजवा जुना. गॅरेजात वाढलेल्या पोरीला एवढं पुष्कळ झालं. ही गाडी डाव्या अंगावर पडली होती, जोरात पडली होती, आणि कुणाला कळू नये म्हणून नीटनेटकी केलेली होती. ही गाडी मामांखेरीज कुणी चालवत नव्हतं.

“हे काय मांडलंईस?”

मामा बोळाच्या तोंडाशी उभे होते. टेंपो कोपऱ्यावर थांबलेला दिसत होता.

“गळती सापडली, मामा.”

“टाकी कुणाला विचारून काढलीस? बापाचं गॅरेज हाय व्हय हे?”

“तुम्ही पडला होता,” मी म्हणाले. मला तसं म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

“कोन पडलं? काय पन बोलतीस!” ते तरातरा आत आले. “वास, वास, वास! आठ दिस झालं, डोकं उठवलंईस. आन बघू कुठाय तुझा वास.”

गाडीच्या मागच्या चाकावर एक फडकं होतं, ते त्यांनी ओढून घेतलं आणि नेहमीसारखे डोळे मिटून नाकाशी धरलं. चांगलं दोनदा हुंगलं.

“व्हय,” ते म्हणाले. “येतोय की. आता येतोय पेट्रोलचा. एवढा आधी न्हवता. हे बरीक खरं हाय तुझं.”

ते फडकं पाण्याचं होतं. मी टाकी पुसायला भिजवलेलं. पेट्रोलचं फडकं माझ्या हातात होतं, आणि त्याचा वास माझ्या डोळ्यांना झोंबत होता.

मामांनी डोळे उघडले. आधी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या हातातल्या फडक्याकडं, मग स्वतःच्या. पाण्याचं फडकं त्यांनी बोटांत चुरगाळलं. त्यांना कळलं. ते भिंतीला टेकलेल्या मिरचीच्या पोत्यावर बसले आणि मला त्यांची फार कीव आली. एवढ्या रुबाबदार माणसाची कीव येणं मला आवडलं नाही.

“कधीपासून, मामा?”

“माघात. उंब्रजच्या अलीकडं कुत्रं आडवं आलं.” त्यांनी मानेवर मागच्या बाजूला हात ठेवला. “हितं आपटलं. रक्त न्हाई, काय न्हाई, नुसतं टेंगूळ. तिथल्याच मेस्त्रीकडनं गाडी नीट करून घेतली आन घरी आलो. म्हटलं, कशाला सांगा, सुरेंद्र गाडी काढून घेईल. चार दिसांनी सकाळी च्या प्यालो तर नुसतं गरम पानी. सातारला एका डाक्टरला दाखवलं. तो म्हनला, मार लागून आतल्या शिरा तुटल्यात. वास आला तर परत येईल, न्हाईतर न्हाई.”

“म्हणजे हा सगळा हंगाम...”

“रंग बघतो. चुरून बघतो, मिरची कशी तुटती ते. आन तुझ्या सासूच्या तोंडाकडं बघतो.”

“आत्यांना माहीत आहे?”

“तिला कशाला सांगू? तिच्या नकळत बघतो. मसाला जमलेला असला की ती आवंढा गिळती. कच्चा असला की नाकाचं बोंड हलतंय तिचं. चाळीस वर्सं समोर उभी हाय. आधी कधी ध्यानात न्हवतं आलं, आता बघायलाच लागलं तवा दिसलं.”

“मग पेट्रोलचं कसं नाही दिसलं?”

मामा विचारात पडले. “काय की. मी न्हाई म्हटलं, ती बी न्हाई म्हनली.”

मला थोरात बाईंचा डबा आठवला. चिमूट हुंगून झाल्यावर आत्यांनी आधी मामांच्या तोंडाकडं पाहिलं होतं आणि मग उत्तर दिलं होतं. मामा वास कळावा म्हणून आत्यांच्या तोंडाकडं बघत होते आणि आत्या आपल्याला वास येतो की नाही हे कळावं म्हणून मामांच्या तोंडाकडं. हसू यावं अशीच गोष्ट होती. पण हसायला आम्हा दोघांपैकी कुणाला जमलं नाही.

“कुनाला बोलू नगंस,” मामा म्हणाले. “एवढा हंगाम निघू दे. मूठ गेली तर ह्या कांडपात ऱ्हातंय काय? यंत्र काय, सगळ्यांकडंच हाय.”

“म्हंजी वास येत हुता.”

आत्या ताकाचा तांब्या घेऊन मागच्या दारात उभ्या होत्या. केव्हापासून, ते आम्ही विचारलं नाही.

“सुमन...” मामा उठले.

“येत हुता,” आत्या पुन्हा म्हणाल्या. “आन मी म्हटलं, माझंच नाक बिघाडलं. ह्यास्नी येत न्हाई, मला येतोय, म्हंजी मलाच काय तरी झालंय. देवाला नवस बोलले मी.” त्यांनी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि त्या आत निघून गेल्या.

मी चिरेवर अंगाचा साबण घासून ती तात्पुरती बुजवली आणि टाकी बसवली. संध्याकाळी मामा गाडी स्टँडजवळच्या रेडिएटरवाल्याकडं डाग देऊन चीर सांधायला सोडून आले. घरात कुणाला काही सांगितलं गेलं नाही. आत्या मामांशी बोलल्या नाहीत. वाढताना भाकरी ताटात ठेवायच्या ऐवजी ताटाशेजारी ठेवली, एवढंच. सुरेंद्र म्हणाला, “आज वास नाही, नाही?”

दुसऱ्या दिवशी बुधवार, बाजारचा दिवस. रांग रस्त्यापर्यंत होती. यंत्राची मुसळं आधीच्या बाईच्या मसाल्यावर धडधडत होती. ओगलेवाडीच्या एक काकू पुढं आल्या आणि त्यांनी फडक्याची गाठ सोडली. मामांनी मूठ भरली, नाकाशी नेली, डोळे मिटले. मग डोळे किलकिले करून यंत्राच्या बाजूला पाहिलं. आता मला माहीत होतं ते काय बघताहेत.

आत्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मामा थांबले. मूठ नाकाशी तशीच. रांगेतल्या बायका वाट बघत होत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार होते? मला पेट्रोल कळत होतं, मसाल्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी मान हलवली ती ‘मला नाही माहीत’ अशी. ते ‘होऊ द्या’ म्हणून मोकळे होऊ शकत होते. रंगावरून मसाला वाईट दिसत नव्हता, आणि काकूंनी त्यांच्या शब्दावर जन्मभर विश्वास ठेवला असता.

“काय झालं, आण्णा?” काकूंनी विचारलं. “करपलंय का काय?”

मामा काउंटरच्या आतून वळले, यंत्रापाशी गेले आणि भरली मूठ आत्यांच्या नाकापुढं धरली.

त्या पिढीतल्या माणसांनी चारचौघांत बायकोच्या इतकं जवळ उभं राहायची पद्धत नव्हती. रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. आत्यांनी आधी पदर नीट केला. मग, मामांच्या तोंडाकडं न बघता, त्या मुठीवर वाकल्या.

“धने कच्चे हायती,” आत्या म्हणाल्या.

काकूंनी मामांकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं.

“ती म्हनती तसं हाय,” मामा मोठ्यानं म्हणाले. “मला वास येत न्हाई आता. हितनं फुडं तीच बघंल. ज्यांना चालत नसंल त्यांनी गाठोडी उचला, माझं काय म्हननं न्हाई.”

मी रांगेकडं बघत राहिले. ओगलेवाडीच्या काकूंनी फडक्याला गाठ मारली आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. आता बाकीच्याही जाणार असं मला वाटलं.

“धने तेवढं भाजून आणते,” काकू जाता जाता म्हणाल्या. “वैनी, माझा नंबर धरून ठेवा.”

मागच्या बाईनं आपलं गाठोडं पुढं सरकवलं. मामांनी मूठ भरली. या वेळी स्वतःच्या नाकाकडं नेलीच नाही, सरळ आत्यांपुढं धरली.

आत्यांनी वास घेतला. “चांगला हाय. होऊ द्या.”

बाई गाठोडं उचलायला वाकली, पण मामांनी हात खाली घेतला नाही.

“चांगला म्हंजी कसा?” त्यांनी विचारलं.

“चांगला म्हंजी चांगला.”

“तसं न्हवं. नीट सांग. काय काय येतंय त्यात? माघापास्नं मला कायच आलेलं न्हाई, सुमन.”

आत्या त्यांच्याकडं बघत राहिल्या. उभ्या जन्मात त्यांना हे कुणी विचारलेलं नव्हतं. त्यांनी पुन्हा मुठीवर वाकून श्वास घेतला, या वेळी सावकाश, आणि काहीतरी बोलायला लागल्या. मुसळांच्या धडधडीत मामांना ऐकू येईना. ते कान पुढं करून आणखी जवळ सरकले.

मी उठले आणि यंत्राचा खटका बंद केला.